अराशियामाचा बहर

[संपूर्ण चित्र]
क्योतोच्या पश्चिमेला अराशियामाचा डोंगर, पायथ्याला ओई नदी, काठावर फुललेली चेरीची झाडं. हे जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगेचं चित्र, १८३४ च्या सुमारास छापलेलं. क्योतोच्या प्रसिद्ध स्थळांच्या मालिकेत त्याने अशी दहा चित्रं केली.

ही झाडं तेराव्या शतकात राजघराण्याने योशिनोच्या डोंगरातून आणून लावली, असं परंपरा सांगते. तेव्हापासून बहर बघायला माणसं इथे येतात. पण हिरोशिगेने नदीत उतरवले ते तराफेवाले.

[तराफा, जवळून]
वरच्या ताम्बा प्रांतातल्या जंगलाचं लाकूड असंच क्योतोत यायचं. ओंडके एकत्र बांधायचे आणि त्यांच्यावरच उभं राहून यायचं. ज्यावर उभे, तोच माल! त्या वरच्या घळीतले खडक सुमिनोकुरा ऱ्योई या व्यापाऱ्याने १६०६ मध्ये फोडून घेतले, तेव्हा मालाच्या होड्यांनाही वाट झाली. बहराच्या दिवसांतही या माणसांचं काम थांबायचं नाही, आणि चित्रकाराला तेच दाखवावंसं वाटलं. मला हे चित्र आवडतं ते यासाठी.

[कोरीव ठसा, मग कारागिराचे हात]
चित्र कागदावर आलं तेही लाकडातूनच. कोरणारा कारागीर हिरोशिगेचं रेखाटन ठोकळ्यावर पालथं चिकटवायचा आणि रेषेच्या दोन्ही अंगांनी लाकूड काढत जायचा. मूळ रेखाटन त्यातच संपायचं. रंगांसाठी वेगळे ठसे. केसाएवढी रेघ टिकावी म्हणून लाकूड घट्ट रेषांचं लागे, आणि ते असायचं डोंगरी चेरीचं. योशिनोचा डोंगर ज्या झाडांनी फुलतो, त्याच जातीचं.

[नदीचा निळा रंग]
हा प्रशियन निळा. परदेशातून येणारा हा रंग १८३० च्या आसपास जपानी छापखान्यांत रुळला. गडद निळा हळूहळू फिका होत जातो, तो उतार मात्र ठशात कोरलेला नसतो. छापणारा ओल्या ठशावर रंग हाताने पुसत आणतो, दर कागदाला नव्याने. याला बोकाशी म्हणतात. हिरोशिगेच्या नद्या आणि त्याची आभाळं या हातांवर उभी आहेत, आणि त्या हातांची नावं अशा चित्रांवर सहसा नसतात.

मागणी वाढली की छापखान्यात घाई होई. मग बोकाशी कमी व्हायची, कधी गाळलीही जायची. म्हणून जाणकार सुरुवातीच्या प्रती शोधतात, आणि आधी बघतात ते रंगांचे हे उतार.