हरीण कुणाचंच नाही, जमीन मात्र आहे

(दृश्य : दक्षिण इंग्लंड, पहाट. ओकच्या रानाला लागून गव्हाचं कोवळं शेत. बांधावर दोन रो हरणं.)

ब्रिटनमध्ये रानातलं हरीण कायद्याने कुणाच्याच मालकीचं नसतं. ते ज्या जमिनीवर उभं आहे तिला मात्र मालक असतो. त्याच्या होकाराशिवाय तिथे हरणासाठी पाऊल टाकणं हा इंग्लंड-वेल्समध्ये १९९१च्या डिअर अ‍ॅक्टनुसार गुन्हा आहे. डिअर स्टॉकिंग म्हणजे पायी, वाऱ्याचा अंदाज घेत, हरणाच्या मागावर जाणं. हे काम शिकलेल्या माणसाची निम्मी शक्ती रानात जाते आणि निम्मी तो होकार मिळवण्यात.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्द ऐकूनच मन कचरतं, आणि ते योग्यच आहे. पण तिथलं रान निराळं आहे. लांडगा आणि लिंक्स तिथून शेकडो वर्षांपूर्वी संपले. हरणांच्या सहा जातींपैकी रेड आणि रो या दोनच मूळच्या. फॅलो नॉर्मन लोकांनी आणलं. मुंटजॅक हा आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचा चिनी भाऊबंद. तो बेडफर्डशरमधल्या वूबर्नच्या आवारातून बाहेर पसरला. हरणं वाढली की ओकची रोपं आणि हेझलचे कोंब खाल्ले जातात, जुनी झाडं उभी राहतात आणि त्यांच्या खाली नवं काही उगवत नाही. दरवर्षी काही हरणं टिपावीच लागतात, आणि त्यातला मोठा भार हौशी स्टॉकर उचलतात.

(दृश्य : शेतघराचं दार. चिखलाचे बूट.)

नवख्याची कोंडी दारातच सुरू होते. रायफलचा परवाना पोलीस देतात, आणि त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं. हे कारण म्हणजे बहुधा एखाद्या जमिनीवरची लेखी परवानगी. शेतकरी मात्र आधी अनुभव विचारतो. डीएससी-१, म्हणजे डिअर स्टॉकिंगच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राची, परीक्षा देता येते, विमा काढता येतो, जाणत्या स्टॉकरबरोबर पैसे भरून हिंडता येतं. तरी दार उघडतं ते ओळखीनेच. गुरांच्या बाजारात भेटलेला माणूस, मेंढ्या वितात त्या दिवसांत मदतीला आलेला माणूस, यांच्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसतो. कागद घेऊन आलेल्या अनोळखी माणसावर तो का बसावा?

होकार मिळाला, तरी जमीन कामाची असायला हवी. रायफलची गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, म्हणून हरणामागे मातीचा चढ लागतो. सपाट शेत, मधून जाणारी सार्वजनिक पायवाट, सकाळी कुत्री फिरवणारी माणसं, असं असेल तर कितीही हरणं दिसोत, रायफल खांद्यावरच राहते. आणि तुकडा लहान असेल तर जखमी हरीण कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या रानात शिरतं. ते तिथे तडफडत असलं, तरी रायफल घेऊन मागे जायला शेजाऱ्याची संमती लागते. म्हणून समजूतदार स्टॉकर पहिली गोळी झाडण्याआधीच चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना भेटून येतो.

आणखी एक गाठ असते, ती कागदावर. आपल्या सातबाऱ्यावर इतर हक्कांची वेगळी नोंद असते, तसाच तिथे शिकारीचा हक्क जमिनीपासून सुटा असू शकतो. जमीन कसणारा आनंदाने हो म्हणेल. पण तो कुळ असेल आणि हक्क मालकाने स्वतःकडे राखून ठेवला असेल, तर त्या होकाराला काही अर्थ नाही.

(दृश्य : जानेवारी. बर्फाळ बांध, उंच शिडीच्या मचाणावर एक माणूस.)

मिळालेली परवानगी टिकवणं मला त्याहून अवघड वाटतं. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. ओल्या कुरणात गाडी घालायची नाही. पहाटे येणार असाल तर आदल्या रात्री कळवायचं, कारण अंधारात कुणाची गाडी शिरली या काळजीने घर जागं होतं. मांसातला वाटा घरी पोचवायचा. एवढं करूनही शेत विकलं जातं, म्हातारा जातो, मुलाचं मन वेगळं असतं. किंवा चार पैसेवाले एकत्र येऊन शिकारीचं भाडं भरतात, आणि वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला एका फोनवर निरोप मिळतो.

यात रानाचंही नुकसान होतं. भाडं भरणाऱ्यांतल्या अनेकांना शिंगांचा नर हवा असतो. संख्या आटोक्यात राहते ती माद्या टिपल्याने, आणि इंग्लंडमध्ये रो मादीचा हंगाम १ नोव्हेंबर ते ३१ मार्च, म्हणजे ऐन थंडीचा. ते गारठ्यातलं काम पैशाच्या ओढीने होत नाही.

(दृश्य : स्कॉटलंड, किंटेलचे उघडे डोंगर.)

हा पैशाचा जोर जुना आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात श्रीमंतांनी अफाट माळ हरणांसाठी भाड्याने घेतले. अमेरिकन धनाढ्य विल्यम वायनन्स याने किंटेलच्या एका गरीब रहिवाशाला, मर्डॉक मॅक्रेला, कोर्टात खेचलं. कारण होतं एक पाळलेलं कोकरू. ते वायनन्सच्या भाड्याच्या माळावर चरलं होतं. १८८५ साली न्यायालयाने निकाल वायनन्सच्या विरोधात दिला.

२००३च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये जवळपास कुठल्याही माळावर हिंडायचा हक्क सर्वांना मिळाला, पण शिकार त्यातून वगळली गेली. २०२३ मध्ये नर हरणांच्या शिकारबंदीचा हंगामही उठला. जमिनीचा होकार मात्र अजून मालकाकडेच आहे.

मला त्यातल्या त्यात आशा वाटते ती शेजारी शेतकऱ्यांच्या एकत्र गटांची. एकाने नकार दिला की त्याचं रान हरणांचा दिवसाचा आसरा बनतं, आणि पीक जातं शेजाऱ्याचं. सगळ्यांनी मिळून लेखी परवानगी दिली, मुदत आणि आगाऊ सूचनेची अट घातली, तर जखमी हरणामागे जाता येतं, माद्यांचा हिशेब ठेवता येतो, आणि एक शेत विकलं गेलं म्हणून सगळं काम थांबत नाही.