मोबदल्यात कोण आलं?

श्रोतेहो, नमस्कार.

हॉकी म्हटलं की आपल्याला आधी खडकीचे धनराज पिल्ले आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण आजचं बोलणं आहे बर्फावरच्या हॉकीबद्दल. पायात स्केट्स, हातात वाकड्या पात्याची स्टिक, चेंडूऐवजी रबराची काळी चकती, म्हणजे पक. एका वेळी बर्फावर दोन्ही बाजूंचे सहा-सहा जण, त्यात गोलरक्षक धरून. कॅनडात नुसतं ‘हॉकी’ म्हटलं की हीच. आपल्या हॉकीला तिकडे ‘फील्ड हॉकी’ असं पूर्ण नाव घेऊन हाक मारावी लागते.

तुमचं कुणी नात्यातलं टोरांटोला असेल तर त्यांच्याकडून टिम हॉर्टन्स हे नाव ऐकलं असेल. तिथलं गल्लोगल्लीचं कॉफीचं दुकान. सकाळी पेन्शनर मंडळी तिथे जमतात, मोठा कप घेतात आणि हॉकीवर वाद घालतात. वादाचा आवडता विषय कालचा सामना नसतो, तर तीस-तीस वर्षांपूर्वीचे ‘ट्रेड’ असतात. कोणाला दिलं, कोणाला घेतलं, आणि हात कसे चोळत बसलो. गंमत म्हणजे हा टिम हॉर्टन स्वतः हॉकीपटू होता. टोरांटोच्या मेपल लीफ्स संघाचा खांब. 1964 साली हॅमिल्टनमध्ये त्याचं पहिलं दुकान निघालं आणि 1970 मध्ये टोरांटोने त्यालाच न्यूयॉर्कला देऊन टाकलं.

हे ‘देऊन टाकणं’ आपल्याला आता अगदीच परकं राहिलेलं नाही. 2023 च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला, रोहितचं कर्णधारपद त्याच्याकडे गेलं आणि पुढच्या हंगामात वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पण एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या त्या मोठ्या लीगमध्ये, हा प्रकार रोजचा. तिथे करार संघाच्या हातात असतो आणि संघ तो करार दुसऱ्या संघाला देऊ शकतो. करारात ‘माझ्या संमतीशिवाय हलवायचं नाही’ असं कलम घालून घेतलेलं नसेल, तर खेळाडूला कुणी विचारतही नाही. भर हंगामात जनरल मॅनेजरचा फोन येतो, बॅग भरायची, उद्या दुसऱ्या शहरात दुसऱ्या रंगाची जर्सी. बायको, मुलं, मुलांची शाळा हे सगळं मागाहून. मोबदल्यात दुसरा खेळाडू येतो, किंवा पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवी पोरं निवडताना, एखादा हक्काचा नंबर मिळतो.

या गप्पा मी बऱ्याच ऐकल्या आहेत, वाचल्या आहेत, आणि त्यात एक गोष्ट मला नेहमी खटकते. गेलेल्या माणसावर तासन्‌तास बोलणं होतं. मोबदल्यात आलेल्या माणसाचं नाव मात्र एखाद्या शिवीसारखं उच्चारलं जातं आणि चर्चा पुढे सरकते. आज मी त्या दुसऱ्या नावांबद्दलही थोडं बोलणार आहे.

सगळ्यात मोठ्या ट्रेडपासून सुरुवात करू. वेन ग्रेट्झकी. एडमंटन ऑइलर्सचा कर्णधार. 1984, 85, 87 आणि 88, पाच वर्षांत चार वेळा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद. 1988 च्या मे महिन्यात चौथा कप जिंकल्यावर त्याने सगळ्यांना, खेळाडू, प्रशिक्षक, सामान सांभाळणारे, अशा झाडून सगळ्यांना बर्फाच्या मधोमध बोलावलं आणि कपाभोवती बसवून एक फोटो काढून घेतला. आज जिंकणारा प्रत्येक संघ असा फोटो काढतो, ती प्रथा त्या दिवशीची. जुलैत त्याचं लग्न झालं, एडमंटनमध्येच, अभिनेत्री जॅनेट जोन्सशी. लग्न कसलं, गावजत्राच. आणि 9 ऑगस्टला बातमी आली: ग्रेट्झकी लॉस एंजेलिसला चालला.

लॉस एंजेलिस! जिथे बर्फ फक्त सरबतात. पत्रकार परिषदेत हा माणूस डोळे पुसत होता, बोलता येईना. एडमंटनमध्ये संघमालक पीटर पॉकलिंग्टनचा पुतळा जाळला. संसदेत विरोधी पक्षाच्या नेल्सन रिस यांनी सरकारने हा सौदा थांबवावा अशी मागणी केली. बऱ्याच जणांनी खापर फोडलं ते नव्या नवरीवर. पांढऱ्या पायाची म्हणण्याची हौस काही फक्त आपल्याकडेच नाही. खरं कारण मालकाला हवा असलेला पैसा: सौद्यात दीड कोटी अमेरिकी डॉलर रोख होते. शिवाय 1989, 91 आणि 93 च्या पहिल्या फेरीतल्या निवडी, मार्टिन जेलिना नावाचा नुकताच ड्राफ्ट झालेला मुलगा, आणि जिमी कार्सन.

आता या कार्सनकडे जरा बघा. वय वीस. आदल्या हंगामात लॉस एंजेलिससाठी 55 गोल. विशीच्या आत एका हंगामात पन्नास गोल करणारा तो दुसराच खेळाडू. पहिला कोण, तर ग्रेट्झकी. म्हणजे एडमंटनला काही टाकाऊ माल मिळाला नव्हता. पण देव्हाऱ्यातली मूर्ती उचलून नेली आणि त्या जागी याला उभं केलं. पोराने पहिल्याच हंगामात 49 गोल केले. कुठल्याही दुसऱ्या गावात लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं. एडमंटनमध्ये लोक त्याच्याकडे बघायचे ते तो कोण नाही, हे मोजत. त्यात 1989 च्या एप्रिलमध्ये प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत समोर कोण यावं? लॉस एंजेलिस. एडमंटन मालिकेत 3-1 पुढे होतं. तिथून हरलं, 4-3.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाच कार्सनने सांगितलं, मला इथे खेळायचं नाही. गावाने त्याला पळपुटा ठरवलं. नोव्हेंबरमध्ये त्याला डेट्रॉइटला दिलं, जिथला तो मूळचा, मिशिगनचा. आणि त्याच्या मोबदल्यात जे आले ते ॲडम ग्रेव्ह्ज, जो मर्फी, पेट्र क्लिमा. ग्रेव्ह्ज, मर्फी आणि तो जेलिना, या तिघा पोरांची फळी ‘किड लाइन’ म्हणून गाजली. 1990 च्या अंतिम मालिकेत बॉस्टनविरुद्ध पहिला सामना तिसऱ्या जादा वेळेपर्यंत लांबला, तेव्हा गोल मारला क्लिमाने. एडमंटनने पाचवा कप जिंकला. ग्रेट्झकीशिवाय.

ग्रेट्झकी मात्र एडमंटन सोडल्यावर पुन्हा कधीच कप जिंकला नाही. मग हा ट्रेड कोणी जिंकला आणि कोणी हरला? कॉफीच्या दुकानात हा प्रश्न अजून सुटलेला नाही. कॅलिफोर्नियात हॉकी रुजली, 1991 मध्ये सॅन होजेला संघ आला, 1993 मध्ये ॲनाहाइमला, यात ग्रेट्झकीचा वाटा सगळेच मानतात. पण एडमंटनच्या माणसाला कॅलिफोर्नियाचं काय सोयरसुतक!

ग्रेट्झकी कपाच्या सर्वात जवळ आला तो 1993 साली. त्या वर्षाबद्दल टोरांटोत बोलायचं तर जपून. उपांत्य मालिका, टोरांटो विरुद्ध लॉस एंजेलिस, सहावा सामना, जादा वेळ. ग्रेट्झकीची स्टिक टोरांटोच्या डग गिलमोरच्या हनुवटीला लागली, रक्त आलं. पंच केरी फ्रेझरने शिक्षा दिली नाही. दिली असती तर ग्रेट्झकी बाहेर बसला असता. तो बर्फावरच राहिला आणि काही क्षणांत त्यानेच विजयी गोल मारला. दोन दिवसांनी सातव्या सामन्यात तीन गोल मारून टोरांटोला घरी बसवलं. फ्रेझरने पुढे जाहीरपणे मान्य केलं की आपल्याकडून सुटलं. त्याने टोरांटोकरांचा राग कमी झाला असं काही दिसत नाही. टोरांटोने शेवटचा कप जिंकला 1967 मध्ये, तेव्हा रागाला सवड भरपूर आहे.

अंतिम मालिका मॉन्ट्रियलशी. लॉस एंजेलिसने पहिला सामना जिंकला. दुसऱ्यात 2-1 ने पुढे, दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला. आणि मॉन्ट्रियलचे प्रशिक्षक जॅक डेमर्स यांनी पंचांना सांगितलं, त्या मार्टी मॅक्सोर्लीची स्टिक मोजा. पात्याचा बाक नियमाप्रमाणे अर्ध्या इंचापेक्षा जास्त चालत नव्हता. मोजली, जास्त भरली. मॅक्सोर्ली शिक्षेला बाहेर, मॉन्ट्रियलने गोलरक्षकही काढून जादा खेळाडू आणला, एरिक देजार्दांने बरोबरीचा गोल मारला आणि मग जादा वेळेत विजयाचाही त्यानेच. मालिका तिथे फिरली, 4-1.

हा मॅक्सोर्ली कोण? 1988 मध्ये ग्रेट्झकीने हट्ट धरून एडमंटनहून सोबत आणलेला त्याचा राखणदार. आणि त्याच संघात, त्याच वसंतात आणखी कोण खेळत होतं माहीत आहे? जिमी कार्सन. जानेवारीत डेट्रॉइटने त्याला पॉल कॉफीच्या बदल्यात लॉस एंजेलिसला परत पाठवलं होतं. ज्याच्यासाठी याला विकलं, त्याच्याच शेजारच्या खुर्चीत जर्सी चढवायची. 1996 नंतर कार्सन एनएचएलमध्ये दिसला नाही. खात्यावर 275 गोल, आणि लोकांच्या तोंडी एकच ओळख: ग्रेट्झकीच्या बदल्यात मिळालेला.

1993 च्या त्या मॉन्ट्रियल संघाचा नायक होता गोलरक्षक पॅट्रिक र्‍वा. त्याच्या जाण्याची कथा मॉन्ट्रियलमध्ये आजही घरातल्या भांडणासारखी सांगतात. 2 डिसेंबर 1995, जुनं फोरम स्टेडियम, समोर डेट्रॉइट. गोलामागून गोल होतायत आणि प्रशिक्षक मारिओ ट्रॉम्ब्ले काही त्याला बाहेर काढत नाही. मध्येच एक साधा फटका अडवला तर प्रेक्षकांनी कुत्सित टाळ्या वाजवल्या. र्‍वाने दोन्ही हात वर करून त्या स्वीकारल्या, तेवढ्याच कुत्सितपणे. नऊ गोल झाल्यावर त्याला बोलावलं. तो ट्रॉम्ब्लेच्या समोरून गेला, वळला, बाकाच्या मागे बसलेल्या अध्यक्ष रोनाल्ड कोरी यांच्यापाशी वाकला आणि म्हणाला, मॉन्ट्रियलसाठीचा हा माझा शेवटचा सामना. 11-1 अशी हार. चार दिवसांत तो कोलोरॅडोचा झाला होता.

कोलोरॅडो म्हणजे आदल्या उन्हाळ्यापर्यंतचा क्वेबेक सिटीचा संघ, मॉन्ट्रियलचा हाडवैरी. क्वेबेकने पैशाअभावी तो गमावला, आणि वर्षाच्या आत त्याच संघाने, र्‍वाला गोलात उभं करून, कप जिंकला. क्वेबेकच्या लोकांना त्या रात्री काय वाटलं असेल! संघ आपला, गोलरक्षक आपल्याच गावात जन्मलेला, आणि मिरवणूक दोन हजार मैलांवर. मॉन्ट्रियलने, खरं तर कॅनडातल्या कुठल्याच संघाने, 1993 नंतर 2025 पर्यंत तो कप पुन्हा जिंकलेला नाही.

र्‍वाच्या बदल्यात आला जोसलिन तिबो. हाही वीस वर्षांचा, मॉन्ट्रियलचाच पोरगा. वाईट होता का? मुळीच नाही. पण प्रत्येक गोल खाल्ल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी दुसऱ्याच गोलरक्षकाचं नाव घेणार, अशा जागी उभं राहायचं म्हणजे काय! 1998 मध्ये त्याला शिकागोला देऊन टाकलं.

अशी नावं बरीच आहेत, सगळी सांगत बसत नाही. व्हँकुव्हरने 1986 मध्ये कॅम नीलीला, त्याच्या एकविसाव्या वाढदिवशी, एका चांगल्या ड्राफ्ट निवडीसह बॉस्टनला दिलं आणि बॅरी पेडरसन घेतला. नीलीचा पुढे बॉस्टनमध्ये देव झाला. टोरांटोने 2006 मध्ये टूका रास्क हा पोरसवदा गोलरक्षक बॉस्टनला दिला, कारण जस्टिन पॉगी नावाचा त्याहून चांगला आपल्याकडे आहे अशी त्यांची खात्री होती. पॉगी एनएचएलमध्ये एकूण सात सामने खेळला. 2013 मध्ये सातव्या सामन्यात टोरांटो बॉस्टनविरुद्ध 4-1 पुढे असताना हरलं, तेव्हा समोरच्या गोलात रास्कच होता. बैल गेला नि झोपा केला, हे इथल्या चर्चेचं कायमचं स्वरूप. पॉगीबद्दल त्या वेळी टाळ्या वाजवणारे कोण होते, हे आता कुणालाच आठवत नाही.

एक ट्रेड मात्र असा, की गमावणाऱ्या गावालाही पश्चात्ताप झाला नाही. रे बोर्क, बॉस्टनचा बचावपटू, 1979 पासून तिथे, कप एकही नाही. मार्च 2000 मध्ये त्यानेच विनंती केली आणि बॉस्टनने त्याला कोलोरॅडोला जाऊ दिलं. 2001 च्या जूनमध्ये, चाळिशीत, त्याला कप मिळाला. कर्णधार जो सॅकिकने प्रथेप्रमाणे स्वतः आधी न उचलता सरळ बोर्कच्या हातात दिला. बोर्क तो घेऊन बॉस्टनला आला तेव्हा सिटी हॉलच्या चौकात हजारो लोक जमले होते, दुसऱ्या संघाने जिंकलेला कप बघायला.

त्याच सौद्यात बॉस्टनहून आणखी एक जण कोलोरॅडोला गेला होता, डेव्ह अँड्रीचक. हॅमिल्टनचा. 1993 च्या त्या टोरांटो संघात गिलमोरबरोबर खेळलेला. बोर्कसारखाच म्हातारा होत चाललेला आणि बोर्कसारखाच रिकाम्या हाताचा. कोलोरॅडोने त्याचा हंगाम संपताच हात वर केले, तो बफेलोला गेला, आणि लगेच पुढच्या वर्षी कोलोरॅडो जिंकलं. बोर्कच्या कौतुकात त्याची आठवण कोणाला येणार? तो मग टँपा बे संघात गेला. लीगमधला तळाचा संघ, फ्लोरिडाचा उकाडा. लोक म्हणाले, पेन्शन घ्यायला गेला. तिथे पोरासोरांना सांभाळत तो कर्णधार झाला, आणि 7 जून 2004 ला, बाविसाव्या हंगामात, कॅलगरीला सातव्या सामन्यात हरवल्यावर कप पहिल्यांदा उचलायला जो पुढे आला, तो अँड्रीचक.