गळकी खोली: एका हॅकिंटॉशच्या रॅमचा शोध

(दृश्य: डोंबिवली, रात्र, बाहेर पाऊस. टेबलाखाली काळं कॅबिनेट, बाजूचं झाकण काढलेलं.)

रात्रीचे पावणेदोन. फायनल कटमधून एका बारशाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट होतोय. ७३ टक्के, ७४ टक्के, आणि पडदा काळा. पंखे एकदा जोरात फिरतात, मशीन आपोआप पुन्हा सुरू होतं आणि समोर चौकट येते: अडचण आल्यामुळे तुमचा कंप्युटर पुन्हा सुरू करावा लागला.

त्या आठवड्यातली ही पाचवी वेळ.

हे मशीन मी २०१९ साली स्वतः जोडलं. इंटेलचा कोअर आय-सेव्हन ८७००, झेड-३७० चिपसेटचा मदरबोर्ड, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, म्हणजे चालू कामाचं सामान तात्पुरतं ठेवायच्या पट्ट्या. सगळे भाग लॅमिंग्टन रोडवरचे. दोन फेऱ्यांत, दादरला गाडी बदलून, कॅबिनेटचा खोका मांडीवर घेऊन आणलेले. व्हिडिओ एडिटिंग हे माझं पोट आहे. हात फायनल कटवर बसलेला, आणि कंप्युटरांपैकी ते फक्त मॅकओएसवर, ॲपलच्या प्रणालीवर, चालतं. तेवढ्या ताकदीचा मॅक घेण्याची तेव्हा ऐपत नव्हती. म्हणून हॅकिंटॉश, म्हणजे साध्या पीसीवर चढवलेलं मॅकओएस.

(दृश्य: जुन्या मॅकची छायाचित्रं.)

जून २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्झनी जाहीर केलं की मॅकमध्ये यापुढे इंटेलचे प्रोसेसर येतील. जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक आले आणि साध्या पीसीवर मॅकओएस टाकण्याची वाट उघडली. ही वाट कायद्याच्या बाजूनं सरळ नाही, हे पाहणाऱ्यांना माहीत असायला हवं. ॲपलच्या परवान्यात लिहिलेलं आहे की ही प्रणाली फक्त ॲपलच्या कंप्युटरवर टाकायची. अमेरिकेत सायस्टार नावाची कंपनी अशी तयार मशीनं विकायला लागली. ॲपलनं २००८ मध्ये तिच्यावर दावा लावला, २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूनं लागला.

याचा रोजच्या वापरातला अर्थ एवढाच की हॅकिंटॉश बिघडलं तर कोणतंही सर्व्हिस सेंटर त्याला हात लावणार नाही. खऱ्या इंटेल मॅकवर सुरू होताना ‘डी’ कळ दाबून धरली की ॲपलची स्वतःची तपासणी चालू होते. आपल्या मशीनवर ती सोय नाही. डॉक्टर आपणच, आणि पेशंटही आपल्याच घरातला.

(दृश्य: स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर जाताना.)

हॅकिंटॉश सुरू होताना आधी ओपनकोअर हा बूटलोडर, म्हणजे प्रणालीला उठवणारा छोटा प्रोग्राम, चालतो. तो मॅकओएसला सांगतो की तू २०१९ सालच्या सत्तावीस इंची आयमॅकवर आहेस. मग केक्स्ट लोड होतात, म्हणजे प्रणालीला आपल्या हार्डवेअरची भाषा शिकवणाऱ्या छोट्या फायली. या सगळ्याची मांडणी एका कॉन्फिग फायलीत असते. त्यातली एक ओळ चुकली तर मशीन उठत नाही. म्हणून काही बिघडलं की हॅकिंटॉशवाल्याचा पहिला संशय त्या फायलीवर जातो. माझाही गेला. पाच रात्री मी केक्स्ट बदलत होतो, जुने परत टाकत होतो, ओपनकोअरची आवृत्ती वर-खाली करत होतो. दर बदलानंतर मशीन दोन-तीन तास नीट चालायचं. वाटायचं, सापडलं. मग पुन्हा काळा पडदा.

उत्तर पहिल्या दिवसापासून डिस्कवर पडलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं.

(दृश्य: डायग्नॉस्टिक रिपोर्ट्सचा फोल्डर, एकाखाली एक पाच फायली.)

प्रत्येक पॅनिकनंतर, म्हणजे प्रणाली अशी कोसळली की, मॅकओएस एक अहवाल लिहून ठेवतं. लायब्ररीच्या लॉग्ज फोल्डरमध्ये, डायग्नॉस्टिक रिपोर्ट्समध्ये. बहुतेक जण तो उघडतात, आकड्यांचं जंगल बघतात आणि बंद करतात. एक अहवाल वाचून खरंच फारसं कळत नाही. पाच अहवाल शेजारी शेजारी ठेवा. कोसळताना कोणता प्रोग्राम चालू होता, तेवढंच नाव प्रत्येकातून काढा.

माझ्या पहिल्या अहवालात विंडोसर्व्हर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या रंगवणारा. दुसऱ्यात एमडीएस-स्टोअर्स, म्हणजे स्पॉटलाइटच्या शोधाची सूची बनवणारा. तिसऱ्यात कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतः. चौथ्यात ब्राउझर. पाचव्यात पुन्हा विंडोसर्व्हर, पण कारण निराळं.

कॉन्फिगमधली चूक अशी वागत नाही. ती रोज त्याच ठिकाणी अडते आणि रोज तेच नाव सांगते. दरवेळी नाव बदलतंय, म्हणजे या नावांपैकी कुणाचाच दोष नाही. एखाद्या चाळीत एक खोली गळकी असावी आणि तिच्यात दर महिन्याला नवा भाडेकरू यावा, तसं हे आहे. तक्रार करणारा माणूस दरवेळी वेगळा, भिजलेली भिंत तीच. मॅकओएस दरवेळी सुरू होताना रॅममध्ये आपलं सामान वेगळ्या जागी लावतं. गळक्या खोलीच्या वाट्याला कधी विंडोसर्व्हर येतो, कधी ब्राउझर.

तेव्हा आठवलं, पावसाळ्याच्या तोंडावर मी रॅमच्या आणखी दोन स्टिक टाकल्या होत्या. आठ-आठ जीबीच्या, जुन्या, एका दुकानातून स्वस्तात मिळालेल्या.

(दृश्य: पेनड्राइव्ह लावला जातो. निळा पडदा, त्यावर आकडे.)

मेमटेस्ट ८६ प्लस हे मुक्त स्रोत साधन आहे, फुकट मिळतं. पेनड्राइव्हवरून सुरू होतं, मॅकओएसच्या आणि ओपनकोअरच्या वाटेलाच जात नाही. त्यामुळे तिथे आलेली चूक कॉन्फिगच्या माथी मारता येत नाही. ते रॅमच्या प्रत्येक पत्त्यावर ठरलेले आकडे लिहितं, परत वाचतं आणि जुळतात का पाहतं. ३२ जीबीला एक फेरी पुरी व्हायला काही तास लागतात. रात्री लावायचं आणि झोपायचं.

मी झोपलो नाही. पाऊण तासानं पहिली लाल ओळ आली.

(दृश्य: लाल ओळ, अगदी जवळून.)

लिहिलं होतं एफएफ-एफएफ-एफएफ-एफएफ. परत आलं एफएफ-एफएफ-एफएफ-डीएफ. ३२ बिट, सगळे एक. त्यातला एक शून्य होऊन आला. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विजेचा भार. तो गळत राहतो, म्हणून ६४ मिलिसेकंदांच्या आत त्याला पुन्हा भरावं लागतं. आठ जीबीच्या एका स्टिकमध्ये असे सुमारे ६,८७२ कोटी बिट असतात. माझ्या मशीनमध्ये त्यातला एक, फक्त एक, भार धरून ठेवत नव्हता. त्या एका थेंबासाठी मी पाच रात्री छत सोडून जमीन खणत होतो.

पण घाईनं स्टिकला दोष द्यायचा नाही. रॅमवर वेग ३२०० लिहिलेला असला तरी माझ्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालणारा रॅमचा वेग २६६६ आहे. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, रॅमवर लिहिलेला वेग लागू करणारं एक्सएमपी चालू करतो तेव्हा आपण रॅमला आणि प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला त्याच्या पुढे पळवत असतो, व्होल्टेजही १.२ वरून १.३५ वर नेतो. त्यात दोन वेगळ्या जोड्यांच्या चार स्टिक एकत्र. कितीतरी चांगल्या रॅम केवळ एवढ्यानं चुका करतात. म्हणून आधी एक्सएमपी बंद केलं. रॅम २१३३ वर आली. पुन्हा तपासणी. तीच ओळ, तोच पत्ता, तोच बिट. वेगाचा प्रश्न नव्हता.

(दृश्य: हात कॅबिनेटच्या पत्र्याला टेकतो, मग स्लॉटची क्लिप उघडतो. ‘टक’ असा आवाज.)

वायर काढा. पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा. मग चारही स्टिक बाहेर. पत्त्यावरून थेट स्टिक ओळखता येत नाही, कारण मेमरी कंट्रोलर पत्ते दोन्ही चॅनलमध्ये, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटांत, वाटून देतो. एकेकच तपासावी लागते, आणि एकाच स्लॉटमध्ये: प्रोसेसरपासून दुसरा, ज्याच्याजवळ बहुतेक बोर्डांवर ए-टू लिहिलेलं असतं. प्रत्येक स्टिकवर मार्करनं आकडा घालून ठेवा. रात्री तीन वाजता चार सारख्या हिरव्या पट्ट्यांतली कुठली तपासून झाली, हे आठवत नाही.

दुकानात आधी खोडरबरानं सोनेरी पट्टी घासतात. त्यानं पुष्कळदा काम होतंही, विशेषतः आपल्या दमट हवेत. मी मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरतो. रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊन बसला तर नवीनच दुखणं सुरू होतं.

पहिली स्टिक, स्वच्छ. दुसरी, स्वच्छ. तिसरी, लाल ओळ. चौथी, स्वच्छ. मग उलट खात्री: तिसरी दुसऱ्या स्लॉटमध्ये. लाल ओळ तिच्यामागोमाग आली. ती स्लॉटमध्येच राहिली असती तर कुलर सोडवून प्रोसेसरचं सॉकेट पाहायला लागलं असतं. त्यात ११५१ पिना असतात, त्यातली एक वाकली तरी रॅमचं एक अख्खं चॅनल आजारी पडू शकतं. माझ्यावर ती वेळ आली नाही.

(दृश्य: बोर्डावरचा चपटा सेल निघतो, परत बसतो.)

आता तीन चांगल्या स्टिक होत्या. त्यातल्या मूळच्या दोन टाकल्या. बायोस कोरा व्हावा म्हणून बोर्डावरचा सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवला. आणि मशीन मॅकओएसमध्ये जाईनाच.

छातीत धस्स झालं. पण थांबून पाहिलं, तर या वेळी ते अगदी सुरुवातीला, दरवेळी त्याच ओळीवर अडत होतं. चार वेळा सुरू केलं, चारही वेळा तीच ओळ. हा भाडेकरू बदलत नव्हता. म्हणजे रॅम नव्हे, मांडणी. सेल काढल्यामुळे बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर गेल्या होत्या. सीएफजी लॉक पुन्हा चालू झाला होता. तो चालू असला की प्रोसेसरमधलं एक रजिस्टर कुलूपबंद राहतं, मॅकओएसचं कर्नल तिथे लिहायला जातं आणि कोसळतं. लॉक बंद केला, अबव्ह फोर-जी डिकोडिंग ही आणखी एक सेटिंग चालू केली, मशीन उठलं. दहा मिनिटांचं काम. तेव्हापासून बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो फोनमध्ये आहे.

माझ्या मैत्रिणीच्या मशीनवर रॅमचाच निरोप वेगळ्या रूपात आला होता: मेमरी मॉड्यूल चुकीच्या ठिकाणी बसवलीत. बिचारीनं तीनदा रॅम काढून लावली. तिच्या कॉन्फिगमध्ये ओळख २०१९ च्या मॅक प्रोची होती. त्या मॅकला १२ स्लॉट असतात, तिच्या बोर्डाला चार. मॅकओएस उरलेले आठ शोधत होतं. रिस्ट्रिक्ट-इव्हेंट्स नावाच्या केक्स्टनं तो निरोप थांबला.

आणि कधी अहवालच सापडत नाही. मशीन खाडकन बंद, मागे काहीच लिहिलेलं नाही. लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे बहुधा वीज गेली. तेव्हा रॅम सोडा, एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आणि तापमान बघा.

(दृश्य: जुनं एसडी कार्ड तळहातावर.)

इथपर्यंत सगळं मशीनचं झालं. मला जे खरं सांगायचंय ते या कार्डाबद्दल आहे.

२०१६ मध्ये पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. २१४ फायली. ती आता नाही. गेल्या जूनमध्ये, म्हणजे ती तिसरी स्टिक मशीनमध्ये असतानाच, मी त्या कार्डावरून नव्या ड्राइव्हवर हलवल्या. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. आपल्या घरच्या पीसीत ईसीसी मेमरी नसते, त्यामुळे उलटलेला बिट पकडणारं कुणी नसतं. मॅकओएसची एपीएफएस ही फायलींची पद्धत स्वतःच्या नोंदींची बेरीज ताडून पाहते, फायलीच्या आतल्या मजकुराची पाहत नाही. बिघडलेली प्रत निमूटपणे साठते, आणि बॅकअपमध्येही तीच जाते.

कार्ड मी पुसलं नव्हतं. केवळ कंटाळा केला म्हणून.

टर्मिनलमध्ये प्रत्येक फायलीचा चेकसम, म्हणजे तिच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढला, आधी कार्डावरच्या, मग ड्राइव्हवरच्या. दोन याद्या शेजारी ठेवल्या. २११ जुळल्या. तीन जुळल्या नाहीत.

(दृश्य: ध्वनिलहरींचा आलेख, मधोमध एक उभी रेघ.)

त्यातल्या दोन ऐकून काहीच कळत नाही. बिट अगदी खालच्या स्थानावरचा असेल, कानाला पोचत नाही. तिसरी एकेचाळीस नंबरची. दोन मिनिटं दहा सेकंदांवर आजी माहेरच्या वाटेवर येते, श्वास घेते, आणि त्या श्वासात एक ‘टक’ ऐकू येतो. मी इतके दिवस समजत होतो की जात्याचा खुंटा हलला असेल.

कार्डावरून तिन्ही फायली पुन्हा कॉपी केल्या. चेकसम काढले. जुळले. एकेचाळीस नंबर लावली.

(आवाज: जात्याची घरघर. दोन मिनिटं दहा सेकंद. श्वास. पुढची ओवी.)