गिटलॅबचं सबस्क्रिप्शन घेताय? टियर नंतर, आधी डोकी मोजा

नमस्कार मंडळी!

गिटलॅब म्हणजे टीमने मिळून सॉफ्टवेअरचा कोड ठेवायची आणि त्यावर काम करायची सोय. तिचं प्राइसिंगचं पान उघडलं की तीन रकाने दिसतात, म्हणजे तीन टियर. फ्री, प्रीमियम, अल्टिमेट. मग टीममध्ये वाद सुरू होतो, यातलं घ्यायचं कुठलं? माझ्या मते हा वाद पुढचा आहे. त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी. तुमच्याकडे बिलात धरली जाणारी माणसं नेमकी किती? कारण पानावर दर छापलेला असतो माणशी, आणि "माणूस" कोणाला म्हणायचं हे ठरवते कंपनी. त्या व्याख्येतच तुमचे निम्मे पैसे अडकलेले असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात बाणेरला २२ जणांची एक टीम आहे. १४ डेव्हलपर, ३ टेस्टर, २ प्रॉजेक्ट मॅनेजर, १ डिझायनर, आणि क्लायंटकडचे दोघं, जे अधूनमधून येऊन आपली तक्रार कुठवर आली ते बघून जातात.

(स्क्रीनवर: २२ × २९ × १२ = ७,६५६ डॉलर)

प्रीमियमचा दर एप्रिल २०२३ पासून सीटमागे, म्हणजे बिलात धरलेल्या एका माणसामागे, महिन्याला २९ डॉलर. त्याआधी १९ होता. पूर्वी ४ डॉलरवालाही एक टियर होता, तो त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये नव्या गिऱ्हाइकांसाठी बंद केला. पैसे वर्षाचे एकदम भरायचे. म्हणजे झाले ७,६५६ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ६ लाख ८९ हजार. व्हिडिओ बघून लगेच कार्ड काढू नका, दर बदलत राहतात, त्या दिवशीचं पान बघा.

आता या २२ जणांत खरे किती? क्लायंटचे ते दोघं कोडला हातही लावत नाहीत. त्यांना तुम्ही "गेस्ट" केलंय. गेस्ट म्हणजे पाहुणा, पाहुण्याचे कसले पैसे? तर प्रीमियममध्ये गेस्टची सीट पूर्ण पैशाची असते. गेस्ट फुकट असतो तो अल्टिमेटमध्ये. म्हणजे नुसतं डोकावून जाणाऱ्या या दोघांचे वर्षाला ६९६ डॉलर, साठ हजारांच्या वर रुपये. त्यापेक्षा सर्व्हिस डेस्क नावाची सोय फ्री टियरमध्येसुद्धा आहे, ती चालू करा. क्लायंट एका ठरलेल्या पत्त्यावर ईमेल टाकतो, तुमच्याकडे इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, तयार होतो, तुमचं उत्तर त्याला ईमेलने जातं. त्याला खातंच लागत नाही. दोन सीट वाचल्या.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावर भले भले फसतात. सीट मोजताना आज किती माणसं आहेत हे बघत नाहीत. मुदतीत एका वेळी जास्तीत जास्त किती होती, तो आकडा धरतात. लग्नात केटरर ताटं मोजतो ना, तसंच. पाहुणा पाच मिनिटं बसून उठला तरी ताट लागलं ते लागलं. मे महिन्यात तुम्ही सहा इंटर्न घेतले, जूनमध्ये ते गेले, तुम्ही त्यांना ग्रुपमधून काढलंसुद्धा. पण आकडा २८ ला जाऊन आलाय. घेतलेल्या सीटपेक्षा वर गेलेल्या सहांचे पैसे तुमच्या नावावर लागले.

ते कधी वसूल होतात? दोन पद्धती आहेत. एकीत दर तिमाहीला हिशोब होतो आणि उरलेल्या काळापुरतेच पैसे लागतात. दुसरीत वर्षाच्या शेवटी एकदम, आणि तेव्हा जादा सीटचे पूर्ण वर्षाचे पैसे. माणूस अकराव्या महिन्यात आला असला तरी. तुमच्या करारात यातली कुठली आहे ते आजच बघा, रिन्युअलच्या आठवड्यात नको.

याला आवर घालणारी सेटिंग आहे. विकत घेतलेल्या सीट संपल्या की नवा माणूस आतच येऊ नये, असं करता येतं. मी तर म्हणेन, पहिल्या दिवशी हेच करा. नवीन मुलगा जॉइन झाला आणि त्याला अर्धा दिवस ॲक्सेस मिळाला नाही, तर कोणी उपाशी राहत नाही.

स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब चालवणाऱ्यांची याहून मजा. तिथे प्रीमियम लायसन्सवर, एकाही प्रॉजेक्टमध्ये नसलेलं खातंसुद्धा मोजलं जातं. वर लॉगिन जर कंपनीच्या एलडॅपशी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सामाईक लॉगिन यादीशी, जोडलेलं असेल, तर अकाउंट्समधल्या काकांनी कुतूहल म्हणून एकदा लॉगिन केलं की झाली सीट! ब्लॉक केलेली आणि डिॲक्टिव्हेट केलेली खाती मोजत नाहीत. म्हणून ॲडमिनमध्ये जाऊन, ९० दिवस न फिरकलेली खाती आपोआप डिॲक्टिव्हेट होतील असं करून ठेवा. त्या माणसाने पुन्हा लॉगिन केलं की खातं परत चालू होतं, त्यामुळे भांडणही होत नाही.

हं, आता तो नेहमीचा प्रश्न. त्यांच्या सर्व्हरवर, की आपल्या?

आपल्याकडे एक ठाम समज आहे, की स्वतःचा सर्व्हर म्हणजे स्वस्त. कागदावर ते खरंही आहे. स्वतः चालवलात तर फ्री टियरला माणसांची मर्यादा नाही. ५० जण असा, एक पैसा लायसन्सचा नाही. उलट गिटलॅब डॉट कॉमवर, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर, खासगी ग्रुपला फुकटात फक्त ५ जण. पण मग त्या सर्व्हरचं बघणार कोण? गिटलॅबची नवी आवृत्ती दर महिन्याला येते, तिसऱ्या गुरुवारी. सुरक्षेचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, मिळतात ते चालू आवृत्तीला आणि तिच्या मागच्या दोन आवृत्त्यांना. त्याहून मागे राहिलात की पॅच नाही. आणि वर्षभर झोपून एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडीही मारता येत नाही, मधले ठरलेले थांबे घेतच यावं लागतं.

हे मी घाबरवायला सांगत नाही. एप्रिल २०२१ मध्ये गिटलॅबने एक भोक बुजवलं. फोटो अपलोड झाल्यावर त्यातली माहिती साफ करणाऱ्या टूलमधून थेट सर्व्हरवर कमांड चालवता येत होती, लॉगिनशिवाय. गांभीर्य १० पैकी १०. पॅच एप्रिलमध्ये आला, आणि नोव्हेंबरमध्ये रॅपिडसेव्हन या कंपनीने इंटरनेटवर उघडे असलेले सुमारे ६०,००० गिटलॅब सर्व्हर तपासले, तर त्यातले निम्मे तसेच होते! सहा महिन्यांनी. त्या मागे राहिलेल्यांत कुठे मोठमोठ्या टीम असतील, कुठे "नंतर करू" म्हणणारा एकटा ॲडमिन असेल. जानेवारी २०२४ मध्ये परत तसंच. पासवर्ड रिसेटचं ईमेल दुसऱ्याच पत्त्यावर मागवता येत होतं. तेव्हाही १० पैकी १०. ही बातमी बाहेर आली तेव्हा गिटलॅब डॉट कॉमवर पॅच लागलेला होता. बाकीच्यांनी आपापला लावायचा होता. ज्यांनी टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं लॉगिन, चालू ठेवलं होतं त्यांचं खातं हातचं गेलं नाही, एवढा दिलासा.

मग त्यांच्याकडे ठेवलं की निश्चिंत? तसंही नाही हो. ३१ जानेवारी २०१७. गिटलॅबच्याच इंजिनिअरने रात्री उशिरा, दुसऱ्या डेटाबेस सर्व्हरवर आहोत असं समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा उडवला. चूक लक्षात येईपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच वाटा होत्या, त्यातली एकही धड चालत नव्हती. रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत काढणं, बरेच दिवस फसत होता आणि तो फसल्याचं सांगणारी ईमेलं कोणापर्यंत पोचतच नव्हती. शेवटी एकाने टेस्टिंगसाठी सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट होता, त्यावर सगळं उभं केलं. सहा तासांचे इश्यू, कॉमेंट, नवी खाती गेली ती गेलीच. कोडचे रेपो, म्हणजे कोड ठेवायचे कप्पे, वाचले. कौतुकाचा भाग असा, की त्यांनी ही दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली आणि नंतर सगळा तपशील जाहीर केला. मला तरी, न पडणाऱ्या कंपनीपेक्षा पडल्यावर खरं सांगणारी कंपनी बरी वाटते.

स्वतःचा सर्व्हर ठेवणाऱ्यांनो, बॅकअपवरून आठवलं म्हणून इथेच सांगतो. गिटलॅबची बॅकअपची कमांड चालवलीत की तिच्यात दोन फायली येत नाहीत. एक मुख्य कॉन्फिगरेशनची, दुसरी सीक्रेट्सची जेसन फाइल. मुद्दामच येत नाहीत, कारण कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत ठेवायची नाही. पण बरेच जण किल्ली कुठेच ठेवत नाहीत. सर्व्हर मेला, बॅकअप आणला, रेपो दिसले, आणि पाइपलाइनमधले, म्हणजे कोड आपोआप तपासून पुढे पाठवणाऱ्या कामांतले, सगळे गुप्त व्हेरिएबल वाचता येईनात. टू-फॅक्टरवाल्यांना आत येता येईना. ती फाइल आजच वेगळ्या जागी, एन्क्रिप्ट करून ठेवा.

स्वतःकडेच ठेवायला भाग पाडणारी कारणंही आहेत, आणि ती पैशाची नाहीत. तुमचा क्लायंट बँक असेल, करारात "सोर्स कोड भारताबाहेर जाणार नाही" असं लिहिलं असेल, तर विषय संपला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, लॉग १८० दिवस ठेवा, आणि सायबर घटना घडली तर सहा तासांत कळवा. लॉग तुमच्या हातात असले की हे सोपं जातं. अशा वेळी मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या क्लाउड रीजनमध्ये मशीन घ्या आणि चालवा. फक्त गिटलॅबची एंटरप्राइज एडिशन बसवा. लायसन्स नसताना ती फ्रीसारखीच चालते आणि उद्या प्रीमियम घेतलंत तर कोड टाकून चालू करता येते.

छोट्या टीमला मी सुचवतो ती मधली वाट. कोड त्यांच्याकडे, रनर आपला. रनर म्हणजे पाइपलाइनची कामं चालवणारा प्रोग्राम. त्यांच्या रनरवर फ्रीमध्ये महिन्याला ४०० मिनिटं मिळतात, प्रीमियममध्ये १०,०००, पुढची हजार मिनिटं १० डॉलरला. ४०० मिनिटं छोट्या टीमलाही फार दिवस पुरणार नाहीत. पण ऑफिसातल्या एका बऱ्या मशीनवर गिटलॅबचा रनर बसवला की त्यावर चाललेली मिनिटं मोजलीच जात नाहीत. रनर बिघडला तर दुसऱ्या मशीनवर तासाभरात उभा राहतो. डेटाबेसचं तसं नसतं. म्हणून जे बिघडलं तरी चालेल ते आपल्याकडे, आणि ज्याची रात्री दोनला चिंता लागेल ते त्यांच्याकडे.

टियरचं आता दोन वाक्यांत. "मर्ज होण्याआधी, म्हणजे नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी, दोघांची मंजुरी हवीच", ही सक्ती आणि कोड ओनर्स, म्हणजे कुठल्या फाइलला कोणाची मंजुरी लागेल ती यादी, लागत असतील तर प्रीमियम. नुसतं "मंजुरी दिली तर बरं" असेल तर फ्रीमध्येही बटण आहे. अल्टिमेट सुरक्षा तपासणीचा कारभार बघणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं काम, २२ जणांनी त्या वाटेला जाऊ नये. आणि हो, गिटलॅबसारख्याच गिटहबचा टीम प्लॅन माणशी ४ डॉलर आहे, त्यात खासगी रेपोवर कोड ओनर्सही मिळतात. गिटलॅबच हवं असं काही ठोस कारण नसेल, तर २५ डॉलरचा हा फरक साहेबांना समजावणं अवघड जाईल. मात्र गिटहब स्वतःच्या सर्व्हरवर हवं असेल तर २१ डॉलरचा एंटरप्राइजच घ्यावा लागतो. आणि फक्त रेपो आणि इश्यू एवढंच लागत असेल, तर फोर्जेयो (Forgejo) बघा. मुक्त सॉफ्टवेअर आहे, अगदी छोट्या मशीनवर चालतं.

स्वतःकडे ठेवलं म्हणजे कायमचं आपलं झालं, असंही समजू नका. कामांची नोंद ठेवणारं जिरा आणि कोड ठेवणारं बिटबकेट बनवणाऱ्या ॲटलासियनने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं, की सर्व्हर लायसन्स बंद. १५ फेब्रुवारी २०२४ ला सपोर्ट संपला. जिरा आणि बिटबकेट आपल्याच कपाटात चालवणाऱ्या कितीतरी टीमना तेव्हा गाशा गुंडाळावा लागला. कुठलंही विकत घेताना, तुमचा सगळा डेटा बाहेर काढायची वाट कोणती, हे आधी करून बघा. कोड निघतो. इश्यू आणि त्याखालची चर्चा निघते का, ते बघा.

राहिलं रिन्युअल. इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १५,००० रुपयांवरची दरवेळची वसुली ओटीपीशिवाय जात नाही. तुमचं वर्षाचं बिल लाखांत आहे. त्यामुळे "ऑटो-रिन्यू चालू आहे" या भरवशावर राहिलात तर भारतीय कार्डावर ते अडकण्याचीच शक्यता जास्त. आणि अडकलं तर काय होतं? गिटलॅब डॉट कॉमवर तुमचा ग्रुप फ्रीमध्ये येतो. फ्रीला मर्यादा ५ जणांची. तुम्ही २२. मग खासगी ग्रुप फक्त वाचता येतो, पुश, म्हणजे नवा कोड चढवणं, बंद. सोमवारी सकाळी, रिलीजच्या दिवशी.

म्हणून कार्ड सोडा आणि इन्व्हॉइसवर घ्या, किंवा रुपयांत बिल देणाऱ्या भारतीय रिसेलरकडून. थेट परदेशातून घेतलंत तर १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हीच भरायचा असतो. नोंदणी असेल तर बहुतेकांना त्याचं क्रेडिट मिळतं. तुमच्या सीएला इन्व्हॉइस आधी दाखवा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नाही. खरेदीचं खातं, म्हणजे कस्टमर्स पोर्टलचं लॉगिन, एखाद्या माणसाच्या नावाने काढू नका. बिलिंगचा एक सामाईक ईमेल पत्ता करा आणि तो किमान दोघांकडे असू द्या. तो माणूस नोकरी सोडून गेला की रिन्युअलची सूचना त्याच्याच बंद पडलेल्या मेलबॉक्सला जात राहते.

कॅलेंडरमध्ये तारीख टाका ती रिन्युअलची नको, त्याच्या ६० दिवस आधीची. त्या दिवशी सीटची यादी डाउनलोड करायची, शेवटचं लॉगिन कधी ते बघायचं, गेलेल्यांना काढायचं आणि पुढच्या वर्षासाठी नवा, कमी आकडा कळवायचा. सीट कमी करायची संधी रिन्युअललाच असते, मधे नाही.

पुढच्या व्हिडिओत एक रिकामी मशीन घेऊन, बॅकअप आणि सीक्रेट्सची फाइल वापरून अख्खं गिटलॅब परत उभं करून दाखवतो. तुमच्या टीममध्ये सीट किती आणि वापरणारे किती, ते खाली कॉमेंटमध्ये टाका. कंपनीचं नाव नको, आकडे पुरेत.