घर पाडणारी मुले

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरकराला जुनी वास्तू म्हटले की प्रथम राजवाडा आठवतो : खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४च्या दंगलीत त्याचा मागचा भाग जळाला. द्वेषाने केलेला नाश आपल्याला निदान समजतो तरी. ग्रॅहम ग्रीन यांच्या १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डिस्ट्रक्टर्स’ या कथेत मात्र द्वेषच नाही, आणि म्हणूनच राजवाड्यावरून जाताना ती माझ्या मनातून हलत नाही.

महायुद्धातल्या बॉम्बवर्षावानंतरचे लंडन. शेजारची घरे पडली असली तरी टेकूच्या आधाराने उभे राहिलेले एक घर, सेंट पॉल कॅथीड्रल उभारणाऱ्या रेन यांनीच ते बांधले असल्याची माहिती तिथल्या मुलांच्या टोळीतला टी. नावाचा नवा मुलगा आणतो. त्याचे वडील पूर्वी वास्तुरचनाकार होते. घराचे सौंदर्य जाणणारा टोळीत हा एकटाच, आणि मालक बाहेरगावी असताना ते आतून पोखरून पाडण्याचा बेतही त्याचाच. मत घेतले जाते, आणि टोळीचा तोवरचा म्होरक्या ब्लॅकी याचे पुढारीपण त्या क्षणी संपते.

गादीत लपवलेल्या ७० पौंडांच्या नोटा सापडतात, तेव्हा टी. आणि ब्लॅकी त्या खिशात न घालता एकेक करून जाळतात. घराच्या म्हाताऱ्या मालकाचा फार राग येतो का, या ब्लॅकीच्या प्रश्नावर, राग असता तर यात मजाच उरली नसती, असे टी. सांगतो. हे उत्तर वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पण माझे मन अधिक गुंतते ते ब्लॅकीत. मालक थॉमस वेळेआधीच परततो, मुले कुरकुरू लागतात, टी.ची जरब ओसरते आणि तो अक्षरशः विनवणी करू लागतो. गेलेले पुढारीपण परत घेण्याची याहून सोपी संधी ब्लॅकीला मिळाली नसती. तो मात्र, बाकीच्यांनी हसण्याआधीच, एकाला मागे ढकलून टी.च्या बाजूने उभा राहतो. प्रतिस्पर्ध्याची लाज राखण्याचे हे मोठे मन एरवी आपण डोक्यावर घेतले असते. इथे त्याच्याचमुळे मोडू पाहणारा बेत तडीस जातो. पुढाऱ्याचा गुण कोणत्या कामाला जुंपला गेला आहे, हे मुलांना त्या वयात कोण दाखवणार? बेत पुरा होईपर्यंत मुले थॉमसला शौचालयात कोंडून ठेवतात; त्याला हीच मुले रात्री पांघरूण आणि पाव पोहोचवतात, आणि तीही तितक्याच निष्ठेने.

सकाळी ट्रकचालक गाडी सुरू करतो. मुलांनी ट्रकला दोराने बांधून ठेवलेला टेकू निसटतो, घर कोसळते. बाहेर आलेला थॉमस हसणाऱ्या ट्रकचालकाला रडवेल्या आवाजात विचारतो, हसवते तरी कसे तुम्हाला? ब्लॅकीने मुलांचे हसू थोपवले होते. या प्रौढ माणसाला मात्र ते आवरत नाही.