पहिलीच्या वर्गात येणारी दाढ

(खानदेशातील प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

शिक्षक बंधू-भगिनींनो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘शालेय आरोग्यसेवेतून दंतक्षय-प्रतिबंध’. एवढं जड नाव वाचलं की मागच्या रांगा आधी भरतात आणि पुढच्या मोकळ्या राहतात, ते समोर दिसतंच आहे. घाबरू नका. विषय एका दाढेचा आहे.

आधी एक काम करा. तोंड मिटलेलंच ठेवा आणि जीभ खालच्या ओळीवर फिरवा. अगदी मधोमध सुरुवात करायची आणि उजवीकडे मोजत जायचं. एक, दोन, तीनला सुळा, चार, पाच. आता सहाव्या जागी थांबा. तिथं काय लागतंय? ज्यांच्या सहाव्या जागी चांदी, सिमेंट, टोपी, खड्डा किंवा नुसती मोकळी हिरडी आहे, त्यांनी हात वर करा. (हशा) मुख्याध्यापकांचे दोन्ही हात वर आहेत. म्हणजे डावीकडेही तेच. खाली करा सर.

ही जी सहावी, ती तुम्ही पहिलीच्या वर्गात असताना आली होती. सहाव्या वर्षाच्या आसपास येते, आणि गंमत अशी, की ती येताना एकही दात पडत नाही. पुढचा दात पडला तर घरभर गाजावाजा होतो. ही बिचारी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, गालाच्या कोपऱ्यात हिरडी फोडून गुपचूप वर येते. आईला पत्ता नसतो, मुलालाही नसतो. कधी दिसलीच आणि तिच्यावर काळा ठिपका असला, तर घरातून ठरलेलं उत्तर येतं : दूधना दात शे, पडी जाई. पडत नाही हो! ती आयुष्यभराची असते, जायची ती एकदाच. तिच्या जागी येणारं दुसरं काही नाही.

आपल्याकडे दात साखरेनं किडले तेवढेच दोन शब्दांनीही किडले, असं माझं ठाम मत आहे. पहिला शब्द ‘दुधाचे’. दुधाचे म्हणजे कच्चे, तात्पुरते, भाड्याच्या खोलीसारखे. पण दुधाच्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे जवळजवळ पाचवीपर्यंत मूल त्यांच्यावरच भाकरी चावतं. त्या अकाली गेल्या तर मागची सहावी पुढं सरकते आणि खालून येणाऱ्या दातांना जागा उरत नाही. मग नववीत तार लावायला पैसे शोधायचे.

दुसरा शब्द ‘कीड’. हा फार जुना घोळ आहे आणि एकट्या मराठीचा नाही. दाताच्या अळीची गोष्ट बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही सापडते. कपाशीत बोंडअळी, तशी दाढेत अळी, असं इथल्या माणसाला वाटलं तर त्यात नवल नाही, आपला सगळा अनुभव कपाशीचा. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देणारे अजून बाजाराच्या दिवशी भेटतात. निखाऱ्यावर बिया टाकायच्या, नळीनं धूर दाढेत सोडायचा आणि मग हातचलाखीनं ‘अळ्या’ काढून दाखवायच्या. युरोपात हाच धंदा खुरासानी ओव्याच्या बियांवर चालायचा. तापून बी फुटलं की आतला बारीक पांढरा कोंब बाहेर येतो. तो पाण्यात पडला की हुबेहूब अळी, आणि रुग्ण खूश! पियेर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्यानं सूक्ष्मदर्शकातून शोधूनही त्याला अळी सापडली नाही, आणि 1728 साली त्यानं ते लिहून ठेवलं. मग 1890 मध्ये मिलर या अमेरिकी दंतवैद्यानं सांगितलं, की तोंडातले जंतू साखर-पीठ खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. आता फोशार आणि मिलर यांच्यात दीडशेहून जास्त वर्षं गेली, तेव्हा गावातल्या धुरीवाल्याला दोष देताना जरा सबुरीनं घ्या.

हा फरक शिक्षकानं समजून घ्यायचा, कारण अळी मारायची असेल तर औषध लागतं आणि आम्ल थांबवायचं असेल तर वेळापत्रक लागतं. वेळापत्रक तुमच्या हातात आहे. गोड खाल्लं की काही मिनिटांत दातावरच्या थरात आम्ल वाढतं. पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साडेपाचच्या खाली गेला की दातातली खनिजं सुटू लागतात. पुढं अर्धा-पाऊण तास लाळ ते भरून काढत असते. तेवढ्यात दुसरी गोळी तोंडात गेली की लाळेचं काम तिथंच बंद. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. स्वीडनमध्ये विपेहोल्म इथं 1940 च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगांतून हे सिद्ध झालं. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या संस्थेत, त्यांची संमती न घेता, त्यांना मधल्या वेळी चिकट टॉफी खायला घालून. निष्कर्ष खरा आहे, पण मिळवण्याची रीत लाजिरवाणी.

त्यामुळे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाचे मांडे खाल्ले म्हणून कुणाचे दात जात नाहीत. एका बैठकीत खाल्ले, संपलं. दात जातात ते पाच रुपयांच्या पुड्यानं, जो पहिल्या तासापासून चौथ्या तासापर्यंत खिशात चालू असतो. रावेर-यावलकडची मंडळी केळ्याबद्दल विचारणार, म्हणून आधीच सांगतो : ताजं केळं बिस्किटापेक्षा केव्हाही बरं. केळ्याचे वेफर्स मात्र खारट असले तरी त्यांचा भुगा दाढेच्या भेगांत चिकटून बसतो. आणि वाढदिवसाची चॉकलेटं! पटावर 40 मुलं असली, सुटीतले दहा वाढदिवस वगळले, तरी 30 दिवस सगळ्या वर्गाला चॉकलेट, तेही सकाळी, म्हणजे दुपारच्या खिचडीआधी आम्लाची एक जादा फेरी. खिचडीच्या ताटातच द्या की. मूल तेवढंच खूश होतं.

आता शिबिराबद्दल. इथं मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, माफ करा.

दंततपासणी शिबिर म्हणजे काय असतं? सकाळी बॅनर बांधतात. बॅनरवर दात हसत असतो, खऱ्या दाताला हसायला तोंड कुठून येणार कोण जाणे. पाहुणे उशिरा येतात, सत्कार होतो, श्रीफळ होतं. मग 300 मुलं आणि हातात दोन तास. करा भागाकार : 7200 सेकंदांना 300 नं भागलं तर एका मुलाला 24 सेकंद, त्यातच ‘आ कर’ म्हणायचं आणि नाव लिहायचं. मुलं नुकती खिचडी खाऊन आलेली, दाढांवर तांदूळ-डाळीचा थर, प्रकाश व्हरांड्यातला. सहाव्या दाढेतली भेग अशा तपासणीत दिसतच नाही. तिला आधी ब्रश, मग कापसानं कोरडं करणं आणि वरून बॅटरी लागते. शेवटी यादी होते, ‘दात किडला आहे’. कुठला दात? दुधाचा की कायमचा? भरायचा की काढायचा? यादी गप्प असते. आणि प्रत्येकाला 20 ग्रॅमची ट्यूब. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे अंदाजे पाव ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे 40 दिवस पुरेल, तेही घरात एकट्यानंच वापरली तर. वापरतो बाप. सर्वांच्या देखत वाटप होतं, फोटो निघतो आणि पुढल्या वर्षी त्याच मुलाचा तोच दात त्याच यादीत, फक्त खड्डा मोठा.

न्यूझीलंडनं 1921 मध्ये शाळांसाठी दंत-परिचारिका तयार करायला सुरुवात केली, मोठं काम केलं. पण सुरुवातीची पिढी दात कोरून भरण्यातच गुंतली आणि मुलांनी त्या दवाखान्याला नाव ठेवलं ‘मर्डर हाउस’. तिथं निदान दात भरत तरी होते. आपल्या शिबिरात नुसती यादीच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते आता दहा मिनिटांत. लिहून घ्या.

पहिलं, शाळेतला ब्रश. खिचडीनंतर, रोज. लहान डोक्याचा मऊ ब्रश, दांड्यावर ऑइल पेंटनं हजेरी क्रमांक (पेननं लिहिलेला आठवड्यात पुसतो आणि भांडणं होतात). पेस्ट फ्लोराइडची, ट्यूबवर पीपीएमचा (दहा लाख भागांत फ्लोराइडचे किती भाग, याचा) आकडा छापलेला असतो, आपल्याकडे 1000 ही कमाल मर्यादा आहे, त्याच्या जवळपासची घ्या. ट्यूबचं तोंड कुठल्याही ब्रशला लावायचं नाही. स्वच्छ ताटलीवर वाटाण्याएवढे ठिपके काढायचे आणि प्रत्येकानं आपल्या ब्रशनं एक उचलायचा. 30 मुलांना दिवसाला साडेसात ग्रॅम, म्हणजे 150 ग्रॅमची ट्यूब 20 दिवस. शाळेचे 220 दिवस धरले तर वर्षाला 11 ट्यूब. दोन मिनिटं घासायचं, थुंकायचं, आणि चूळ भरायची नाही. हे ऐकून सगळे दचकतात. चूळ भरली की फ्लोराइड धुऊन जातं, म्हणून फक्त थुंकायचं. शिंदखेडा-पारोळ्याकडच्या शाळांची ‘पाणी नाही’ ही सबबही इथंच संपते : ब्रश धुवायला अर्धी वाटी, 50 मिलिलिटर, 30 मुलांना दीड लिटर.

बिघडतं कुठं? ब्रशला प्लॅस्टिकची टोपी घातली की आत ओल राहून बुरशी येते, म्हणून टोपी नको, एकमेकांना लागणार नाहीत असे उभे ठेवा. उंदीर ब्रिसल्स कुरतडतात, म्हणून जाळीचं कपाट. केस फाकले की ब्रश बदला, तीन महिन्यांत एकदा तरी. आणि बदली झालेले गुरुजी गेले की कार्यक्रम बंद पडतो, म्हणून जबाबदारी नावावर नको, वर्गावर ठेवा.

आता ती सहावी. नवी येते तेव्हा ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, ब्रश सरळ फिरवला तर केस तिच्यावरून निघून जातात, तिला लागतच नाहीत. म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांना ब्रश गालाच्या कोपऱ्यातून आडवा घालून दाढेच्या माथ्यावर दहा वेळा फिरवायला शिकवा. तेवढं एक शिकवलं तरी पुष्कळ.

दुसरं, नोंद. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. 2013 मध्ये हा कार्यक्रम आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला आणि दात त्याच्या तपासणीत आहेत. पथकाला सांगा, ‘दात किडला’ असं लिहू नका, आकडा लिहा; दंतवैद्यकात प्रत्येक दाताला ठरलेला दोन अंकी क्रमांक असतो. 16, 26, 36, 46 या चार सहाव्या दाढा. 55, 65, 75, 85 या त्यांच्या पुढच्या दुधाच्या. पहिल्या चारांपैकी आकडा आला की आई-बापाला त्याच आठवड्यात बोलवायचं, मजुरी बुडणार असेल तर बाजाराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात न्यायला सांगायचं. गालाला सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी.

तिसरं, वार्निश. 5 टक्के सोडियम फ्लोराइडचं, अर्ध्या मिलिलिटरहून कमी औषध अख्ख्या तोंडाला पुरतं. कापसानं दात पुसायचे, बारीक ब्रशनं पातळ लावायचं, लाळेनंच ते घट्ट होतं. त्या दिवशी कडक खाऊ नाही, गरम चहा नाही, रात्री ब्रश नाही. हिरडीत व्रण असतील किंवा राळेची अ‍ॅलर्जी असेल तर लावायचं नाही. दर सहा महिन्यांनी लागतं, आणि तारखा आयत्या आहेत : जंतनाशक दिन, 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट. कधी पुढंमागं होतो, हरकत नाही. त्या दिवशी सगळी मुलं हजर असतात, आरोग्यसेविका आलेली असते, पालकांना निरोप गेलेला असतो. लावणार डॉक्टर किंवा प्रशिक्षण घेतलेली परिचारिका, तुम्ही फक्त रांग लावायची. हे अजून का जोडलं जात नाही, ते तालुक्याच्या बैठकीत विचारा.

चौथं, भेगा बुजवणं. रेझिनच्या सीलंटला, म्हणजे दाढेच्या माथ्यावरच्या भेगा बंद करणाऱ्या थराला, दाढ अगदी कोरडी लागते, लाळेचा थेंब लागला की महिन्यात निघून येतं. शाळेच्या खोलीत ग्लास आयोनोमर हे दातांचं सिमेंट बरं. बोटाला व्हॅसलीन लावून भेगांत दाबून बसवतात, थोडी ओल त्याला चालते.

धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांतले कोणी आहेत का? तुमच्याकडे असं काही आहे जे इतर कोणत्याच शाळेकडे नाही : रात्र. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश सर्वांत मोलाचा, आणि तो फक्त निवासी शाळाच घडवू शकते. जेवण झाल्यावर ब्रश, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

आणि किडलेल्या दुधाच्या दाढांना 38 टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावतात. कोरायचं नाही, इंजेक्शन नाही, कीड बहुतेकदा तिथंच थांबते. पण दाताचा किडलेला भाग कायमचा काळा पडतो, सदऱ्यावर थेंब पडला तर डाग जात नाही. म्हणून काळ्या दाताचा फोटो पालकांना आधी दाखवा आणि सही घ्या. नंतर दाखवलात तर दुसऱ्या दिवशी आजी शाळेत येईल.

दुसरी चिठ्ठी आली. पुढचे वक्ते उभेच आहेत. थांबतो.