‘टक्’ का होत नाही?

मंडळी, टेबलावर हे जे धूड ठेवलंय, ते टेकट्रॉनिक्स कंपनीचं ५४५ए, म्हणजे ऑसिलोस्कोप, विजेचे संकेत पडद्यावर रेघेच्या रूपात दाखवणारं यंत्र. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या निर्वात काचनळ्यांच्या जमान्यातलं, अमेरिकेतल्या पोर्टलंडचं. स्विच टाकला की पंखा फिरतो, पायलट दिवा लागतो आणि पुढे अर्धा-पाऊण मिनिट काहीच घडत नाही. मग आतून ‘टक्’ असा आवाज येतो. दुरुस्तीची सुरुवात या आवाजापासून करायची.

या वेळात टाइम-डिले रिलेचा, म्हणजे ठरलेल्या उशिराने जोडणी करणाऱ्या काचेच्या छोट्या नळीतला हीटर ६.३ व्होल्टवर तापतो. शेजारची द्विधातूची पट्टी वाकते, कॉन्टॅक्ट जुळतात, मोठा रिले (विजेने ओढला जाणारा स्विच) ओढला जातो आणि +५०० व्होल्टपर्यंतचे डीसी पुरवठे जोडले जातात. तोवर व्हॉल्व्हचे कॅथोड, म्हणजे तापल्यावर इलेक्ट्रॉन सोडणारे भाग, तापलेले असतात. इथले अँप्लिफायर डीसी-कपल्ड, म्हणजे एका व्हॉल्व्हचं आउटपुट (प्लेट) थेट पुढच्याच्या इनपुटला (ग्रिड) जोडलेलं. आधीचा व्हॉल्व्ह थंड असताना त्याची प्लेट पूर्ण व्होल्टेजवर चढते आणि पुढच्याच्या ग्रिडला भलताच धक्का देते. म्हणून त्या नळीच्या पिना कायमच्या शॉर्ट करून ‘चालतंय की’ म्हणू नका.

‘टक्’ झालंच नाही तर? नळी काढा, हीटरचा रोध मोजा; मीटर अनंत दाखवत असेल तर विषय संपला. हीटर ठीक असेल तर टेबलावरच त्याला ६.३ व्होल्ट द्या, कॉन्टॅक्टला मीटरची कंटिन्युइटी (जोड असेल तर बीप) लावा आणि घड्याळ बघा. थंड असतानाच बीप वाजला तर कॉन्टॅक्ट चिकटलेत. ते काचेत बंद, तिथे पॉलिश पेपर चालत नाही, नळी बदलायची. अँपराइट कंपनीच्या नळीवर ६एनओ४५टी असं लिहिलेलं असलं तर ६ व्होल्टचा हीटर, थंड असताना उघडे कॉन्टॅक्ट, ४५ सेकंद आणि टी म्हणजे नऊ पिनांचा बेस. चारही गोष्टी जुळवूनच दुसरी घ्या.

पण खरी गंमत वेगळ्याच बिघाडात आहे. ‘टक्’ होतं, ट्रेस (पडद्यावरची रेघ) येतो, थोड्या वेळाने जातो, परत येतो. लोक लगेच नळीला दोष देतात, आणि नवी घातली तरी खेळ तोच! मोठा रिले एकदा ओढला गेला की स्वतःच्याच एका कॉन्टॅक्टवर टिकून राहतो आणि नळीचा हीटर बंद करतो, म्हणजे ती थंड होऊन पुढच्या वेळेसाठी तयार. टिकवणारा तो कॉन्टॅक्ट काजळला असेल, तर पट्टी थंड होताच रिले सुटतो, हीटर पुन्हा लागतो, चक्र सुरू. नळी बिचारी आपलं काम चोख करत असते.

तो कॉन्टॅक्ट साफ करणं सोपं. प्लग काढा, कपॅसिटरमधला साठलेला चार्ज उतरवा आणि तो उतरला का ते मीटरने बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमध्ये धरून हलकेच ओढा. काळी रेघ उमटायची थांबेपर्यंत नवी पट्टी घेत राहा. कानस मात्र हातात घेऊ नका, वरचा मुलामाच निघून जाईल.